६०,००० कोटी आयटीआयला, पण सोलापूरच्या पोरांना काम शिकवणार कोण?

पूर्वभागकर:
मे २०२५ मध्ये केंद्राने १,००० सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,००० कोटी. पैसा हवाच. पण तो इमारती आणि यंत्रांतच जिरला तर पोरांच्या हाताला काम लागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. चादरीच्या नक्षीत एकाच जागी उभी रेघ चुकत आली, तर जॅकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेचा, कुठला हूक उचलत नाही हे मेस्त्री माग थांबवून, ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, बोट फिरवून शोधतो. हे फळ्यावर शिकवता येत नाही. दोन दिवस आयटीआय, चार दिवस कारखाना, अशी दोन वर्षं सक्तीची करा. दुहेरी प्रशिक्षणाची योजना २०१६ पासून आहे, पण ज्याला हवी त्याच्यापुरतीच.

कामगारपुत्र:
साफ विरोध. कारखान्यात चार दिवस म्हणजे चार दिवस स्वस्तात राबणं. माझा धाकटा भाऊ इथल्याच एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. वर्षभर टॉवेलच्या घड्या घातल्या आणि खोकी भरली. मागाला हात लावू दिला नाही. प्रमाणपत्रावर मात्र सगळं शिकल्याचं लिहून दिलं.

फिटर निदेशक:
मी आयटीआयमध्ये शिकवतो. पूर्वभागकर, सक्ती करायची कुणावर? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेलाच २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. आपल्याकडच्या छोट्या मागाच्या शेड त्यात बसतच नाहीत. आणि यंत्रांना नावं ठेवू नका हो. जुन्या लेथवर शिकलेला पोरगा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रासमोर उभा राहिला की बावचळतो. आधी निदेशकांची रिकामी पदं भरा. एकाच माणसाने दोन-दोन तुकड्या सांभाळायच्या म्हटल्यावर प्रात्यक्षिक होतं कुठे?

यंत्रमागवाला:
माझी बाजूही ऐका. शिकाऊ पोराच्या विद्यावेतनातले २५ टक्के, तेही जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, सरकार देतं. बाकीचं माझं. वर मेस्त्रीचा वेळ जातो, माल खराब होतो. आणि तयार झालं की पोरगं पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत पळतं. मी दुसऱ्यासाठी माणसं का घडवू?

पूर्वभागकर:
कामगारपुत्र, तुमच्या भावाचं झालं ते संतापजनकच आहे, आणि म्हणूनच प्रमाणपत्र मालकाच्या हातात नको. जर्मनीत १९६९ च्या कायद्याने शिकाऊ आणि कंपनी यांच्यात लेखी करार होतो, काय शिकवायचं ते ठरलेलं असतं आणि परीक्षा उद्योगमंडळ घेतं. नुसत्या घड्या घालून घेतल्या तर पोरगा परीक्षेत अडकतो आणि मालक उघडा पडतो. एका कारखान्यात सगळं शिकवता येत नसेल तर तिथे दोन-तीन जण मिळून शिकवतात. निदेशक सर, छोट्या शेडचं उत्तर त्यातच आहे: ताणा एकाकडे, माग दुसऱ्याकडे, रंगाई तिसऱ्याकडे. पदं भरा, यात तुमचं शंभर टक्के बरोबर.

शिलाईवाली ताई:
सगळे पोरांचंच बोलताय. आमच्याकडे विड्या वळणं सोडून गणवेशाच्या शिलाईला आलेल्या बायका आहेत. कॉलर, काज, बटणपट्टी, सगळं येतं. कागद एकही नाही. त्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्या, हे आधी करा. आणि नुसतं विद्यावेतन वाटून काही होत नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआयला ८,०००, पदवीधराला १०,००० मिळत होते. माझी भाची एका कार्यालयात फायली लावत होती. मुदत संपली, घरी आली. कौशल्य काय शिकली ती?

यंत्रमागवाला:
बाहेरची परीक्षा मला मान्य आहे. दोघं-तिघं मिळून शिकवूही. पण शिकल्यावर दोन वर्षं सोडून जाणार नाही, असं लिहून घेऊ द्या.

कामगारपुत्र:
अजिबात नाही, शेठ. ही बांधून घेण्याची भाषा झाली. पोरं चाकणला जातात ती महिन्याच्या ठरलेल्या पगारासाठी. इथे मजुरी नगावर. वीज गेली, सूत संपलं की त्या दिवसाचे पैसे बुडाले. तुम्ही महिना पगार लावा आणि पीएफ भरा, मग घर सोडून कोण जातंय ते बघू.