मुंबईतल्या पंक-हार्डकोर गिग्जचे जुने निगेटिव्ह: बुरशी, लाल फ्रेम्स, हरवलेल्या तारखा. सुरुवात कुठून करावी?

धोबीतलाव३६

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या पंक, हार्डकोर आणि त्यांच्या सोबतीने वाजणाऱ्या मेटल बँड्सच्या गिग्जचे, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमांचे, फोटो एका जागी आणायचं काम हाती घेतलं आहे. ऐवज असा:

३५ मिमीच्या साधारण ४०० फ्रेम्स. बहुतेक रंगीत, पाच रोल कृष्णधवल. सगळ्या लॅबच्या पातळ प्लॅस्टिक पिशव्यांत, चार-चार किंवा सहा-सहा फ्रेम्सच्या पट्ट्या कापलेल्या. काहींवर बुरशीची जाळी आहे.

४×६ चे दोनशेक प्रिंट, त्यातले साठ चिकट पानांच्या अल्बममध्ये.

२००४ ते २०११ मधल्या अकरा सीडी, त्यातल्या तीन वाचताना अडकतात.

निगेटिव्ह रंगभवनच्या (धोबी तलावजवळच्या खुल्या सभागृहातल्या गिग्जच्या) काळातले आहेत, सीडी त्यानंतरच्या. प्रश्न चार. बुरशी कशी काढायची? स्कॅनर कोणता आणि किती डीपीआयवर (इंचामागे किती ठिपके)? स्टेजच्या लाल दिव्यांतल्या फ्रेम्स स्कॅन केल्यावर हिरवट-निळ्या चिखलासारख्या दिसतात, ते का? आणि पिशव्यांवर काहीच लिहिलेलं नाही, तर तारखा लावायच्या कशा?

रीळ_आणि_गुंडाळी

बुरशीपासून सुरू करते, कारण तिथली चूक परत दुरुस्त होत नाही.

निगेटिव्ह पाण्याने धुऊ नका. बुरशी जिलेटिनचा थर खाते आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. फिल्म पाण्यात बुडवली की जाळीबरोबर चित्रही निघून येतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, उरलेलं जवळजवळ सगळं पाणीच असतं. क्रम असा: आधी हातपंपाच्या ब्लोअरने धूळ उडवा. मग लिंट न सुटणाऱ्या पॅडवर अल्कोहोलचे दोन-तीन थेंब घेऊन पट्टीच्या लांबीच्या दिशेने एकदाच, न दाबता पुसा. प्रत्येक पट्टीला पॅडची नवी बाजू. चकचकीत बाजू हा फिल्मचा पाया, तो आधी. मंद बाजूला चित्राचा थर असतो. तिथे आधी रोलच्या शेवटच्या कोऱ्या तुकड्यावर करून बघा आणि पॅडला रंग लागला तर थांबा. थर खाल्ला गेला असेल तिथे खूण राहणारच, ती घासून जात नाही.

नायट्राइल हातमोजे आणि एन९५ मास्क घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. उन्हात वाळवू नका. पट्टी गोल वळते आणि रंगही उडतो. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ थंड पृष्ठभागावर स्फटिक होऊन बसते. एखाद्या पिशवीतून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती लगेच वेगळी ठेवा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा. तो ॲसिटेटचा पाया कुजायला लागल्याचा वास आहे. त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या पट्ट्यांनाही लागतं.

साठवण: जुन्या पिशव्या टाका, पण त्यांवरची लॅबची चिठ्ठी किंवा शिक्का असेल तर आधी फोटो काढा. नव्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, पीव्हीसीच्या नकोत. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर ठेवा. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत हवी. ६५च्या वर गेली की बुरशी पुन्हा धरते, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर तेच होतं. म्हणून पुसण्याचं काम पावसाळ्यानंतर काढा, नाहीतर एसी चालू असलेल्या खोलीतच करा.

चिकट अल्बममधले फोटो ओढू नका. आधी पानासकट स्कॅन करा, मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळू फिरवत न्या. कोपरा वाकायला लागला तर तिथेच थांबा आणि तो पानासकट ठेवा.

कॉन्टॅक्टशीट

स्कॅनिंगबद्दल. खोक्यावर लिहिलेल्या डीपीआयवर जाऊ नका. एप्सन व्ही६०० या फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ६४०० लिहिलेलं असतं, खरा तपशील त्याच्या पाव भागाच्या आसपास मिळतो. प्लसटेक ८२००आय या फिल्म स्कॅनरवर ७२०० लिहिलेलं असतं, मिळतो निम्म्याच्या आसपास. व्ही६०० मध्ये एका वेळी १२ फ्रेम्स बसतात, प्लसटेकमध्ये सहाची पट्टी हाताने सरकवावी लागते. चारशे फ्रेम्ससाठी माझं मत: आधी सगळ्या फ्लॅटबेडवर १२०० डीपीआयने, फक्त बघण्यासाठी. मग निवडक शंभरेक प्लसटेकवर ३२००ने.

३२०० डीपीआयला एक फ्रेम साधारण ४५३५ × ३०२४ पिक्सेल होते. ४८ बिट टिफची फाइल सुमारे ८२ एमबी. म्हणजे चारशेच्या चारशे केल्या तरी ३३ जीबी. जागेची काळजी नको, वेळेची करा.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय रंगीत निगेटिव्हवर उत्तम चालते, पण चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर ती बंदच ठेवा. चांदी इन्फ्रारेड अडवते, सॉफ्टवेअरला तीच धूळ वाटते आणि ते चेहरे पुसून टाकतं. दुसरं, बघण्याच्या स्कॅनमध्ये पट्टीच्या कडा येऊ द्या. फिल्मचं नाव आणि १, १ए, २, २ए हे आकडे तिथेच असतात. कापलेल्या पट्ट्यांची टोकं आणि हे आकडे जुळवले की अख्खा रोल क्रमाने लागतो. वीस सुट्या फोटोंपेक्षा क्रमाने लागलेला एक रोल जास्त सांगतो: कोणता बँड आधी, कोणता नंतर, मधे दिवे कधी बदलले.

आता लाल फ्रेम्स. स्कॅनरमध्ये दोष नाही, तो ‘ऑटो’ वर आहे एवढंच. स्टेजवर नुसते लाल रंगाचा पारदर्शक कागद लावलेले पार कॅन (डब्यासारखे स्टेजचे दिवे) असतील तर फिल्मच्या तीन थरांपैकी लाल प्रकाश टिपणारा एकच थर भरतो, बाकी दोन जवळजवळ कोरे राहतात. सॉफ्टवेअरला वाटतं रंग बिघडलाय, म्हणून ते त्या दोन कोऱ्या थरांना ताणतं. तिथे चित्र नसतंच, फक्त दाणे असतात. तुमचा हिरवट चिखल म्हणजे तेच दाणे.

उपाय: त्याच रोलमधली फ्लॅशने किंवा दिवसा उजेडी बाहेर काढलेली एक फ्रेम शोधा. तिच्यावर रंग आणि नारिंगी मास्क (रंगीत निगेटिव्हच्या पायाची नारिंगी छटा) नीट बसवा, ते आकडे कुलूपबंद करा आणि पूर्ण रोलला तेच लावा. लाल फ्रेम लालच दिसेल, आणि ती तशीच दिसायला हवी. चेहरा नीट पाहायचा असेल तर वेगळी प्रत करून फक्त लाल चॅनल कृष्णधवलमध्ये घ्या.

रीळ_आणि_गुंडाळी

कॉन्टॅक्टशीट यांचं बाकी पटतं, पण निवड फार लवकर करू नका. पहिल्या चाळणीत गायकाचे झकास फोटो निवडले जातात आणि अंधारलेले, हललेले, गर्दीचे फोटो मागे पडतात. या संग्रहात मोलाचे तेच आहेत. मुंबईत पंकला स्वतःची अशी जागा फारशी नव्हती. ते बँड मेटल आणि रॉकच्या यादीतच वाजले, त्यामुळे सीन, म्हणजे बँड आणि चाहत्यांचं हे वर्तुळ, दिसतो तो गर्दीत: कोणाच्या अंगात कुठला हाताने रंगवलेला टी-शर्ट, कोण कोणाच्या ॲम्पवर वाजवतंय, स्टेजला चिकटवलेली गाण्यांची यादी. बघण्याचा स्कॅन सगळ्यांचा, आणि मोठा स्कॅन गर्दीच्या फ्रेम्सचाही.

आणि चेहरे ‘सुधारणारं’ एआय लावू नका. ते अस्पष्ट चेहरा स्पष्ट करत नाही, नवा चेहरा रचतं. मग लोक चुकीच्या माणसाला ओळखतात आणि ती चूक मथळ्यात कायमची जाते. फ्लॅश आणि मंद शटरमुळे आलेल्या प्रकाशाच्या रेघाही दोष समजून काढू नका.

धोबीतलाव३६

खूप आभार, दोघांचेही. लाल फ्रेम्सचं कोडं सुटलं. आणखी दोन अडचणी. सत्तरेक प्रिंट ‘सिल्क’ कागदावर आहेत, स्कॅनमध्ये सगळीकडे मधाच्या पोळ्यासारखी चमकती नक्षी येते. आणि एका रोलमध्ये सगळे गिटारवादक डावखुरे दिसतात!

कॉन्टॅक्टशीट

सिल्क प्रिंट ६०० डीपीआयने एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करा. दुसरा स्कॅन उलटा फिरवून पहिल्यावर नेमका बसवा आणि ५० टक्के पारदर्शक ठेवा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो. दोन्ही बाजूंच्या सावल्या एकमेकांना बऱ्याच मारतात. निगेटिव्ह हाताशी असेल तर मात्र प्रिंटच्या नादी लागू नका.

डावखुरे: पट्टी उलटी घातली गेली आहे. पण नुसत्या गिटारवरून ठरवू नका, डावखुरे वादक असतातच. ड्रम बघा. उजव्या हाताच्या ड्रमरची हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) प्रेक्षकांकडून पाहता उजवीकडे असते. टी-शर्टवरची, बास ड्रमवरची अक्षरं वाचून बघा. सगळ्यात पक्कं म्हणजे कडेचे आकडे: ते सरळ वाचता आले की फ्रेम सरळ.

तिसरी_घंटा

तारखांचं सांगतो. आधी वरची आणि खालची मर्यादा ठरवा, मग मधे शिरा.

रंगभवन म्हणजे धोबी तलावजवळचं, झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं खुलं सभागृह. इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला आणि या सीनचा बराचसा भाग त्या स्टेजवर दिसतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला जाऊ लागला, आणि काही वर्षांतच तिथल्या गिग्ज थांबल्या. म्हणजे स्टेज रंगभवनचंच आहे हे पटलं की वरची मर्यादा मिळाली. मात्र हे पटवायला छत, मागची भिंत, झाडं असं काहीतरी फ्रेममध्ये हवं. नुसता काळा पडदा पुरावा नाही.

पोस्टर किंवा बॅनरवर वर्ष नसलं तरी वार असतो. ‘रविवार १५ ऑगस्ट’ दिसलं तर १९९३, १९९९, २००४ आणि २०१० एवढीच वर्षं उरतात, आणि जागा रंगभवन असेल तर बहुधा पहिली दोनच. ‘बॉम्बे’ लिहिलं आहे म्हणून १९९५ च्या आधीचं असं धरू नका. रॉकवाले ते नाव नंतरही वापरत राहिले. उलट दिशेने मात्र चालतं: संपर्कासाठी दहा आकडी मोबाइल नंबर असेल तर पोस्टर १९९५ च्या आधीचं नाही, कारण तोवर सेवाच नव्हती. बँडचं नावही बघा. रॉक मशीनचं इंडस क्रीड झालं ते १९९३ मध्ये.

प्रिंटच्या पाठीवर कागदाच्या कंपनीचं नाव आणि कधी लॅबच्या मशीनचे आकडे असतात. तेही स्कॅन करा. पण ती प्रिंट काढल्याची खूण आहे, फोटो काढल्याची नाही. पुन्हा काढलेल्या प्रती पुष्कळ असतात.

खात्री नसेल तर फाइलच्या नावात ‘१९९८–२००१’ असा पल्ला ठेवा, आणि तो कशावरून ठरवला ते मथळ्यात एका ओळीत लिहा. पुढे कोणी दुरुस्त करायला आला तर त्याला पकडायला काहीतरी हवं. आणि फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा, मथळा मराठीत. देवनागरी नावं काही जुन्या झिप प्रोग्रॅममध्ये फुटतात.

बिट_बाय_बिट

सीडीबद्दल. अडकणाऱ्या तीन डिस्क पुन्हा पुन्हा घालून बघत बसू नका. मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल नाही. मग डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रतीची एक फाइल) काढा. ते वाचता येणारा भाग आधी घेतं आणि वाईट जागांकडे नंतर वळतं. तीच प्रतिमा दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू ठेवता येते, आणि एका ड्राइव्हला न वाचलेला भाग दुसऱ्याला बऱ्याचदा वाचता येतो. शेवटी त्या प्रतिमेवर फोटोरेक हा हरवलेले फोटो शोधणारा प्रोग्रॅम चालवा.

त्या काळच्या डिजिटल कॅमेऱ्यांत बॅटरी उतरली की घड्याळ मूळ तारखेवर जायचं. सगळ्या फाइल्स कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीच्या दिसल्या तर कारण तेच. पण फरक संपूर्ण कार्डभर सारखा असतो. ज्यात भिंतीवरचं घड्याळ, तिकीट किंवा पोस्टर दिसतं असा एक फोटो सापडला की फरक काढा आणि एक्झिफटूलने (फोटोच्या आतली तारीख बदलणारा प्रोग्रॅम) सगळ्यांना एकदम तेवढंच पुढे सरकवा. मूळ फाइल्सच्या प्रतीवर करा, मूळवर नाही.

द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्सप्लोड या बँड्सच्या वेळचे फोटो सीडीपेक्षा फेसबुकवरच जास्त सापडतील, पण तिथे चढवताना आतली तारीख पुसली जाते. तिथे रुंदी कामाला येते: लांब बाजू ६०४ पिक्सेल असेल तर फोटो २०१० च्या आधी चढवलेला, ७२० असेल तर साधारण त्या वर्षीचा किंवा नंतरचा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्यामुळे तिथल्या अल्बमचा मालक शोधून त्याच्या जुन्या हार्ड डिस्कबद्दल विचारणं हाच मार्ग. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवणार असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो लहान होतो आणि तारीखही जाते.

तिसरी_घंटा

प्रसिद्ध करण्याआधी एक. प्रिंट किंवा निगेटिव्ह तुमच्याकडे आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. तो फोटो काढणाऱ्याचा. पैसे देऊन काढून घेतलेला असेल आणि वेगळा करार नसेल, तर काढून घेणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षांची मुदत आहे, म्हणजे या संग्रहातलं काहीच मोकळं झालेलं नाही. प्रत्येक रोलपुढे ‘कोणी काढला’ हा रकाना आत्ताच ठेवा.

गर्दीतले बरेचजण तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे असतील. नावं लावायची ती ज्याची त्याला विचारूनच. हातात बाटली किंवा सिगारेट असलेल्या ओळखू येणाऱ्या पोरांचे फोटो संग्रहात ठेवा, पण पानावर टाकू नका. आणि ‘माझा फोटो काढा’ असा निरोप आला तर तो कुठे पाठवायचा ते प्रत्येक पानाच्या तळाशी लिहा.

धोबीतलाव३६

ठरलं. व्हिनेगरचा वास येणाऱ्या दोन पिशव्या सापडल्या आहेत, त्या आज वेगळ्या डब्यात गेल्या, पहिलं स्कॅनिंग त्यांचंच. कडेच्या आकड्यांवरून पहिले सात रोल क्रमाने लागले की गर्दीच्या फ्रेम्सचा बघण्याचा स्कॅन इथे जोडतो, चेहरे झाकून. तिसरी_घंटा, मागच्या भिंतीवरून स्टेज ओळखायला तुमची मदत लागेल.