विषय: भावाची तिकिटं आणि ट्रकची नोकरी

नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमाच्या मेलमध्ये हे घुसवत नाही, म्हणून वेगळा विषय काढते. धाकटा भाऊ सीडीएलच्या (ट्रकच्या व्यावसायिक लायसन्सच्या) शाळेत आहे, क्लास एची, म्हणजे मोठ्या ट्रेलर-ट्रकची, रोड टेस्ट जवळ आली आहे. ग्रीन कार्ड आहे, वय 34, त्यामुळे तिकडची काळजी नाही. काळजी आहे ती पोलिसांनी दिलेल्या ट्रॅफिक तिकिटांची. तिन्ही स्वतःच्या गाडीतली, सीडीएलचं शिकाऊ परमिट मिळायच्या आधीची. टर्नपाइकवर (टोलच्या हायवेवर) ताशी 65 मैलांच्या जागी 76 नं जात होता, ते एक. पेनसिल्व्हेनियात चुकीची लेन बदलली म्हणून दुसरं. तिसऱ्यात वकिलानं गावच्या कोर्टात ‘अनसेफ ड्रायव्हिंग’वर तडजोड करून पॉइंट (लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) वाचवले. दारू नाही, अपघात नाही. परवा एका रिक्रूटरनं फोनवर नुसतं ‘तीन?’ म्हटलं आणि नंतर फोनच उचलला नाही. या लाइनमधलं कुणी आहे का आपल्यात?

— एक ताई, एडिसन, न्यू जर्सी

- - -

ताई, कशाला टेन्शन घेता? ज्याला पॉइंट नाहीत ते तिकीट अर्जात लिहायचंच नाही. पेनसिल्व्हेनियाचं इकडे कोण बघतंय? आम्ही सगळे ऐंशीनंच जातो टर्नपाइकवर. :)

— पिस्काटवेचा दादा

- - -

दादा, राग मानू नका, पण हा सल्ला कुणी पाळू नये. माझी बरीच वर्षं ट्रक कंपन्यांच्या सेफ्टी विभागात गेली, ड्रायव्हरच्या फायली माझ्याच टेबलावर यायच्या.

फेडरल नियमानुसार अर्जात मागच्या 3 वर्षांतल्या सगळ्या ट्रॅफिक शिक्षा लिहाव्या लागतात, फक्त पार्किंग वगळून. पॉइंट किती पडले हे तिथे कुणी विचारत नाही. मग कंपनी एमव्हीआर, म्हणजे लायसन्सचा रेकॉर्ड मागवते. त्या 3 वर्षांत ज्या ज्या राज्याचं लायसन्स होतं त्या प्रत्येक राज्याकडून, आणि नोकरीवर घेतल्यापासून 30 दिवसांच्या आत तो फायलीत लागतो. पेनसिल्व्हेनियाचं प्रकरण न्यू जर्सीला कळतं, त्याचे इथे 2 पॉइंटही पडतात. ‘अनसेफ’ला पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत, पण नोंद राहतेच. मी अर्ज आणि एमव्हीआर शेजारी शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून बघायचो. एमव्हीआरवर तीन आणि अर्जात दोन, की फाइल बंद. तीन आणि तीन असले तर निदान बोलणं तरी व्हायचं.

आता ताईंचा मूळ प्रश्न. कायद्यानं भाऊ अपात्र ठरत नाही. फेडरल यादीत काही गुन्हे ‘सीरियस’ धरलेत: मर्यादेपेक्षा 15 मैल किंवा त्याहून जास्त वेग, रेकलेस ड्रायव्हिंग, बेशिस्त लेन बदलणं, पुढच्या गाडीला चिकटून चालवणं, आणि ट्रक चालवताना टेक्स्ट करणं किंवा फोन हातात धरणं. 3 वर्षांत असे दोन झाले की 60 दिवस ट्रक बंद, तीन झाले की 120 दिवस. सीडीएल किंवा परमिट हातात आल्यावर स्वतःच्या कारमधला गुन्हाही यात मोजतात, पण त्यामुळे लायसन्स सस्पेंड किंवा रद्द झालं तरच. भावाची तिन्ही तिकिटं परमिटच्या आधीची, म्हणून या हिशोबात येत नाहीत.

पण कायदा पास करतो म्हणून कंपनी घेतेच असं नाही. दुसऱ्या राज्यांत भाड्यानं माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकला किमान साडेसात लाख डॉलरचा लायबिलिटी विमा लागतो, आणि कुणाला गाडीवर बसवायचं हे बऱ्याचदा विमा कंपनीच ठरवते. लहान फ्लीटमध्ये तर नवीन ड्रायव्हरचं नाव तिकडून मंजूर होऊन यावं लागतं. तिथे नवशिका आणि वर तीन मूव्हिंग व्हायोलेशन (गाडी चालवतानाचे गुन्हे) हे जुळणं कठीण. तो रिक्रूटर बहुतेक अशाच ठिकाणचा असणार. शाळेतून थेट मुलं घेणाऱ्या मोठ्या कंपन्या जास्त सैल असतात. प्रत्येकीची मर्यादा वेगळी, म्हणून अर्ज करण्याआधी सरळ विचारावं: तीन वर्षांत किती चालतात आणि किती जुनी झाली की धरत नाही? तारखाही बघा. पेनसिल्व्हेनियाचं 3 वर्षांच्या उंबरठ्यावर असेल तर दोन महिने थांबण्यात शहाणपण आहे. आणि एमव्हीआर आधी स्वतः काढून वाचा, न्यू जर्सीत 15 डॉलर लागतात.

— सेफ्टीवाले काका

- - -

काकांनी सगळं सांगितलंच आहे, एक भर घालतो. मी ओहायोतून फ्लॅटबेड (उघड्या ट्रेलरचा ट्रक) चालवतो. नोकरी लागल्यावर खरी भीती एमव्हीआरपेक्षा पीएसपीची, म्हणजे ड्रायव्हरच्या सरकारी सेफ्टी रेकॉर्डची. त्यात 5 वर्षांचे अपघात आणि 3 वर्षांची रोडसाइड इन्स्पेक्शन असतात. मागे वेट स्टेशनवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) अधिकाऱ्यानं टॉर्च घेऊन ट्रेलरला फेरी मारली. मागचा एक मार्कर दिवा गेलेला, माल बांधायचा एक पट्टा कडेला फाटलेला. दंड नाही, कोर्ट नाही, हातात फक्त रिपोर्टचा कागद. मी म्हटलं सुटलो. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत समोरच्यानं तोच दिवा आणि तोच पट्टा तारखेसकट वाचून दाखवला. तेव्हा सकाळी निघताना गाडीभोवतीची चक्कर मनापासून मारायला सांगा त्याला. पीएसपी 10 डॉलरमध्ये स्वतःचा बघता येतो. चुकीचं काही चढलं असेल तर डेटाक्यूज नावाच्या सरकारी साइटवर हरकत घेता येते.

— ओहायोकर

- - -

काका, ओहायोकर, मनापासून आभार. हे भावाला वाचून दाखवलं तर तो हळूच म्हणाला, चौथंही आहे! मागच्या आठवड्यातलं, 65 ला 82, गाडी स्वतःची, पण परमिट खिशात. म्हणतो आज रात्री ऑनलाइन दंड भरून टाकतो आणि ट्रॅफिक स्कूल करून पुसून घेतो.

— ताई

- - -

ताई, आधी त्याचा फोन काढून घ्या.

दंड भरला की ती शिक्षाच धरतात, ‘मी फक्त पैसे भरले’ असं नंतर म्हणता येत नाही. 17 मैल जास्त म्हणजे सीरियसच्या यादीत. न्यू जर्सीत त्याचे 4 पॉइंट. आधीचे टर्नपाइकचे 2 आणि पेनसिल्व्हेनियाचे 2 धरले तर 8, एखाद्या स्वच्छ वर्षाचे 3 वजा झाले असतील तर कमी. 12 ला लायसन्स सस्पेंड होतं, आणि मग वर लिहिलेला हिशोब कारच्या तिकिटालाही लागतो.

आणि स्कूल करून पुसणं आता संपलं. परमिट किंवा सीडीएल असलेल्या माणसाची शिक्षा लपवायला किंवा पुढे ढकलून रेकॉर्डबाहेर ठेवायला फेडरल नियमानं राज्यांना मनाई आहे, गाडी कुठलीही असो. याला मास्किंग म्हणतात. शेजाऱ्याला जी सवलत मिळाली ती याला मिळणार नाही. पुरावा कच्चा असेल तर सरकारी वकील आरोप बदलू शकतो, ते चालतं. म्हणून सीडीएलच्या केस लढणारा वकील धरा, मागच्या वेळचा नको. कोर्टाची तारीख चुकवली तर लायसन्स त्यानंच सस्पेंड होईल, तेव्हा ती फ्रिजवर लावा. नोकरी लागल्यावर असं काही झालं तर शिक्षेनंतर 30 दिवसांत मालकाला लेखी कळवायचं, रविवारी स्वतःच्या कारमध्ये झालं असलं तरी.

निकाल लागेपर्यंत ही शिक्षा नाही. पण अर्जात प्रलंबित केस विचारली असेल तर लिहायची. एमव्हीआर आला की फोटो मला वेगळा पाठवा, सगळ्यांना नको.

— काका