नॉन-जीएमओ फळझाडं म्हणून जास्त पैसे मोजायचे का?

भोरकर_ताई: भोरजवळ आमची वडिलोपार्जित 20 गुंठे जागा आहे, इतकी वर्षं पडीकच होती, यंदा पहिला पाऊस झाला की आंबा, चिकू, पेरू, सीताफळ आणि मधल्या जागेत पपई लावायचं ठरवलंय. लेक चार वर्षांची आहे, तिने झाडावरचं फळ हाताने तोडून खावं एवढंच मनात आहे. हायवेवरच्या एका नर्सरीत केसरचं कलम 550 ला आहे आणि वर पाटी लावलीये 'नॉन-जीएमओ, शुद्ध देशी', म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं (जीएम) नाही असं. तिथून दोन किलोमीटरवर तेवढंच कलम 180 ला. नवरा म्हणतो उगाच पैसे घालवू नकोस. माझं मत असं की पोरांच्या पोटात जायचंय तर तीनशे-साडेतीनशे जास्त गेले तरी चालतील. तुम्ही काय केलं असतं?

कलमवाला_राजापूर: ताई, स्पष्टच सांगतो, 180 चं कलमसुद्धा नॉन-जीएमओच आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला लावायला परवानगी असलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला), 2002 पासून. बीटी वांगं 2010 ला थांबवलं ते अजून थांबलेलंच आहे, जीएम मोहरीचं प्रकरण कोर्टात आहे. जीएम आंबा, चिकू, पेरू असलं काही विकायला आलेलंच नाही, मग जे नाहीच ते नाही म्हणून साडेतीनशे रुपये कशाला द्यायचे? लोक संकरित, टिश्यूकल्चर आणि जीएम हे सगळं एकाच पिशवीत भरतात. आमच्या दापोलीच्या विद्यापीठाने 1981 ला रत्ना आंबा काढला तो नीलम आणि हापूसचा संकर, एका मोहोराचे परागकण दुसऱ्यावर, बस. जळगावची जी-नाईन केळी टिश्यूकल्चरची, म्हणजे एकाच झाडाची बाटलीत वाढवलेली पिल्लं, जनुकाला कोणी हात लावलेला नाही.

खरी फसवणूक वेगळीकडेच होते. मामाने 12 कलमं आणली, हापूस म्हणून. नर्सरीतून निघतानाच दोन-तीन कलमांची वरची काडी मेलेली होती आणि खालून खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर काडी बांधतात त्याचा, फुटवा जोरात वर आलेला, हिरवागार, बघणाऱ्याला वाटावं काय जोमदार झाड आहे! पाच वर्षं पाणी घातलं, शेण घातलं, राखण केली आणि आंबा लागला तो बोटाएवढा, नुसता धागा, कोय मोठी. रायवळ होता तो. पाच वर्षं कोण परत देणार सांगा? म्हणून पाटी वाचू नका, खाली बसून जोड बघा. पट्टी बांधलेल्या जागेच्या वर पानं आहेत की खाली, ते बघा. आणि काडी कुठल्या मातृवृक्षाची, तो दाखवता का, हे विचारा.

बियाणं_आपलं: दादा, जोडाबद्दल सांगितलंत ते शंभर टक्के पटलं, पण 'परवानगी नाही म्हणजे बाजारात नाही' हे मला अजिबात मान्य नाही. बीटी कापसाला परवानगी 2002 ची, आणि 2001 ला गुजरातमध्ये ते शेतात उभं सापडलं होतं. एचटीबीटीला, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या बीटी कापसाला, आजही मंजुरी नाही तरी विदर्भात ते किती लागतं हे तिथल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारा. शेतकरी संघटनेने तर 10 जून 2019 ला अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला जाहीरपणे पेरलं. मग उद्या फळात येणार नाही कशावरून? 2022 ला सरकारने जीन एडिटिंगच्या (झाडाच्या स्वतःच्याच जनुकात बारीक बदल करण्याच्या) काही प्रकारांना जीएमच्या नियमांतून सूट दिली आणि 2025 ला भाताचे तसे दोन वाण जाहीरही झाले. केळीवर मोहालीच्या संस्थेत काम झालेलं आहे. म्हणजे ग्राहकाने आत्ताच विचारायची सवय लावून घेतली नाही तर नंतर विचारायला जागाच उरणार नाही. ताई विचारतायत हे चांगलंच आहे.

कलमवाला_राजापूर: विचारा ना, जरूर विचारा, पण उत्तर कोण देणार? त्या नर्सरीवाल्याने कुठल्या लॅबमधून तपासून आणलंय? त्याने पाटी रंगवली आणि भाव तिप्पट केला. कापूस दरवर्षी बी विकत घ्यायचं पीक आहे म्हणून तिथे चोरीचा धंदा चालतो, आंब्याच्या काडीत ते गणित बसतच नाही.

शहादा_पपईवाला: मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आम्ही पपईवाले. मला जीएम पपई कायदेशीर मिळाली असती तर मी आज लावली असती. दोन वर्षांपूर्वी चार एकर होती, सात महिन्यांची झाडं, फळाने लगडलेली. आधी शेंड्याची पानं पिवळी पडली, मग सुतळीसारखी बारीक झाली, देठावर तेलकट रेघा आणि फळावर गोल गोल चकत्या. रिंगस्पॉट, पपईचा व्हायरस. मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, एका झाडावरून उडतो दुसऱ्यावर बसतो की झालं, औषध मारेपर्यंत रोग पुढे गेलेला असतो. झाड एकदा लागलं की त्याला औषधच नाही, उपटायचं. मी चार एकर उपटली, बायको बांधावर बसून बघत होती.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर हेच झालं होतं. 1992 ला तिथल्या पुना भागात हा व्हायरस शिरला, बागा बसल्या. शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विषाणूच्या आवरणाचं एक जनुक पपईत घातलं, 1998 ला बी शेतकऱ्यांना मिळालं आणि तिथली पपई वाचली. आणि ते प्रथिन आपण आत्ताही खातोच हो, चट्टा पडलेली पपई मंडईत येते त्यात असतंच की. शहरात बसून नॉन-जीएमओ म्हणणं सोपं आहे, उपटायला आम्ही आहोत.

बियाणं_आपलं: भाऊ, तुमचं नुकसान वाचून खरंच वाईट वाटलं. पण हवाईची दुसरी बाजूपण आहे. पराग उडून शेजाऱ्याच्या सेंद्रिय बागेतल्या बियांत जीएम उतरलं, ज्याला नको होतं त्याच्याही दारात ते उगवलं. जपानची बाजारपेठ त्या पपईला 2011 पर्यंत बंद होती. तुमचा माल निर्यातीला अडकला तर? आणि एकच जात सगळीकडे लावली तर उद्या दुसरा रोग आल्यावर काय करायचं?

शहादा_पपईवाला: एकच जात तर आत्ताही आहे! इकडे बघाल तिकडे तैवान 786 पपई. ती जीएम नाही, संकरित आहे, तरी दरवेळी पाकीट नवीनच घ्यावं लागतं, घरचं बी धरलं तर निम्मी झाडं भलतीच निघतात. मग जे नुकसान तुम्ही जीएमचं सांगताय ते मी जीएमशिवायच भोगतोय.

सावंतवाडीची_माई: एकाच जातीचं म्हणाल तर कलमांचंपण तेच आहे बाळांनो. सगळे हापूस म्हणजे एकाच झाडाच्या काड्या. आमच्या परड्यात सासऱ्यांनी कोयीपासून लावलेले रायवळ आहेत, पाच झाडं, पाचांची चव वेगळी, एक लोणच्याचा, एक चोखून खायचा, एकाच्या रसाची साठं घालते. फळ धरायला आठ-दहा वर्षं लागली पण ही झाडं दुसरीकडे कुठे मिळायची नाहीत. भोरच्या मुली, दहा कलमं लावशील तर दोन कोयीची लाव. लेक मोठी होईल तेव्हा ती धरतील.

भोरकर_ताई: सगळ्यांचे आभार. रविवारी 180 वाल्याकडे गेलो, खाली बसून एकेक जोड बघितला, 14 मधली 5 बाजूला काढली, खालून फुटलेली होती. मातृवृक्ष मागेच होता, तो दाखवला त्यांनी. 550 वाल्याला लॅबचं विचारलं तर म्हणाला, मॅडम विश्वास ठेवा. माई, कोयी पाठवाल का? पपईचं मात्र धाडस होत नाहीये.

शहादा_पपईवाला: घरापुरती पाच-सहा लावा ताई, भिऊ नका. जवळपास काकडी-दोडक्याचा वेल नको, त्यावरपण हा व्हायरस राहतो. कडेने मक्याच्या दोन ओळी दाट लावा, मावा आधी तिथे बसतो. आणि एखादं पान सुतळीसारखं दिसलं की जीव लावून बघत बसू नका, त्याच दिवशी उपटा.