वजन जास्त असेल तर चढ बसून चढावा की उभं राहून?

मंडळी, मदत हवी आहे. माझं वजन ८८ किलो, सायकल १० किलो. सपाटीवर ग्रुपबरोबर आरामात टिकतो. पण ८ टक्क्यांचा (म्हणजे १०० मीटरला ८ मीटर वर) चढ लागला की साठ किलोवाले गडी सीटवरून उठतात आणि तसेच वर निघून जातात. मी उठलो की वेग वाढतो, पण मिनिटभरात धाप लागते, मांड्या भरून येतात. खरं तर माझं जास्त वजन पेडलवर पडतं, मग उभं राहण्याचा फायदा मलाच जास्त नको का व्हायला?

प्रतिसाद १
पडतं ना, पण खाली गेलेलं वजन पुढच्या पेडलसाठी परत वर कोण उचलणार? तुमचेच पाय. फुकट काही मिळत नाही.

हिशेब बघा. ८ टक्के चढावर ताशी १० किमी वेगाने जायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तुम्हाला साधारण २१० वॅट ताकद लागते, साठ किलोवाल्याला १५०. हा खर्च बसा नाहीतर उभे राहा, तेवढाच. उभं राहिल्यावर मात्र सीटने पेललेलं धडही पाय आणि हातांवर येतं, त्याचं भाडं वेगळं. म्हणून तेवढ्याच वॅटला हार्ट रेट वर जातो, आणि जड माणसाला हे जास्त जाणवतं. उभं राहून जोर जास्त लावता येतो हे खरं, पण तो वळणावरच्या छोट्या खड्या तुकड्यापुरता वापरा.

उठण्याआधी एक-दोन गिअर जड करा, नाहीतर पाय रिकामे फिरतात. आणि पेडल खाली दाबतानाच उठा. नाहीतर सायकल क्षणभर मागे येते आणि मागचा शिव्या देतो.

प्रतिसाद २
साधारण ८० किलोच्या इंदुरेनने (स्पेनचा सायकलपटू) बहुतेक चढ बसूनच काढले आणि १९९१ ते १९९५ सलग पाच टूर द फ्रान्स शर्यती जिंकल्या. इटलीचा पंतानी जेमतेम ५७ किलोचा, तो सतत उभा. पण वजनावरच सगळं ठरत नाही हं. ब्रिटनचा फ्रूम सडपातळ, तरी २०१३ च्या टूरमध्ये माँ व्हाँतू या फ्रान्समधल्या डोंगरावर त्याने बसूनच पाय गरगरा फिरवत हल्ला चढवला होता.

धागाकर्ता
आभारी आहे! बसून चढताना माझा केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ५५ च्या खाली जातो. पुढची चकती ३४ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी २८ दात्यांची आहे. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच) टाकायची तर मागचा डिरेलरही (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बदलावा लागेल का?