व्हिएतनाम: आईला घेऊन पहिल्यांदाच

ऑक्टोबरअखेर हनोई, होई आन ठरतंय. आई शुद्ध शाकाहारी. काय माहीत असायला हवं?

— ताई, तेव्हा होई आन नकोच! आम्ही गेलो तेव्हा थू बोन नदी जुन्या गावातल्या गल्ल्यांत शिरली होती. सासूबाईंना होडीतून बाहेर काढलं. मार्च उत्तम. जेवणाचं म्हणाल तर साध्या पालेभाजीतही माशांचं सॉस, 'न्युओक माम', असतं. 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली पाटी शोधा, तिथे शाकाहारी मिळतं. अमावास्या-पौर्णिमेला तिथले कित्येक बौद्धही तेच खातात. सासूबाईंना हे कळल्यावर फार आपलंसं वाटलं.

— नोटा नीट बघा. २०,००० आणि ५,००,००० डाँग, दोन्ही निळ्या.

— ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा.

— मनापासून आभार. मार्चच करतो.