दारू सुटत नाही ती आजार म्हणून की ‘मनावर घेत नाही’ म्हणून?

सेलूकर: गेल्या महिन्यात चुलतभावाच्या तेरवीला गावी गेलो. वय ४४, लिव्हर गेलं. मांडवात जो तो एकच म्हणत होता, मनावर घेतलं असतं तर सुटली असती. अरे आमचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीत, म्हणजे हा बंदीतच जन्मला आणि बंदीतच पिऊन गेला, कारण मोहाची घरपोच येते. आणि घेतलं होतं हो त्याने मनावर! मागच्या महालक्ष्म्यांना एकदम बंद केली, दुसऱ्या रात्री गोधडीवरच्या मुंग्या वेचत बसला, मुंगी एकही नव्हती, मग फीट आली. घरच्यांनी बाहेरचं समजून अंगारा लावला, सकाळी त्यानेच पव्वा मागवून हाताची थरथर थांबवली. हा आजार नाही तर काय?

माळकरीपुत्र: वाईट वाटलं, पण पटलं नाही. आमचे वडील वीस वर्षं प्यायचे. १९९८ च्या आषाढीला माळ घातली ती घातली, ना डॉक्टर ना गोळी. आजार म्हटलं की पिणाऱ्याला आयतं कारण मिळतं.

फक्तआज: ११ वर्षं सोबर आहे म्हणून बोलतो. वडिलांना नमस्कार, पण माळ एकट्याची असते का? एकादशी, भजन, दिंडीतली माणसं, कोणी बघेल ही लाज, सगळं तिच्यासोबत येतं. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रनला बिल नावाचा शेअरबाजारवाला आणि बॉब नावाचा सर्जन, दोन दारुडे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातूनच एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची एकमेकांना सावरणारी संघटना, उभं राहिलं. मी आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती, त्याच संध्याकाळी पाय अड्ड्याकडे. आणि सेलूकर, रोज पिणाऱ्याची घरच्या घरी एकदम बंद करू नका कोणी, फीट आणि भास जीव घेतात, आधी डॉक्टर.

पुरेझालेलाड: आजार आजार ऐकून कान किटले. डायबेटीसवाला गॅसचा सिलेंडर विकून येतो का? शेजारणीच्या सांगण्यावरून मी नवऱ्याच्या वरणात दारू सोडायची गोळी कालवली, त्याला न सांगता. तो बाहेर पिऊन आला, तोंड लालभडक, उलट्या, बीपी खाली, दोन रात्री दवाखाना. डॉक्टर ओरडले मलाच.

माळकरीपुत्र: ताईंचं बरोबर. आणि व्हिएतनामचं घ्या ना, तिथे कितीतरी अमेरिकी सैनिक हेरॉइनला लागलेले, १९७१ मध्ये निक्सन सरकार हादरलं, पण घरी परतल्यावर बहुतेकांची सुटली, तीही उपचार न घेता. मग आजार कुठे गेला?

फक्तआज: अहो ते युद्धातून घरी आले! सेलूकरांचा भाऊ कुठून कुठे जाणार होता, तीच टपरी, तेच दोस्त. ताई, आजार म्हणजे माफी नव्हे, माझ्या बायकोने मला व्यसनमुक्ती केंद्रात टाकून घराचं कुलूप बदललं होतं, उधाऱ्या मी अजून फेडतोय. तुम्ही घरच्यांच्या मीटिंगला, अल-अ‍ॅनॉनला जाता का?

पुरेझालेलाड: गेले एकदा. सगळ्या रडत होत्या आणि माझा कुकर लावायचा राहिलेला. बघते, गुरुवारी असते.

सेलूकर: एक राहिलंच. तेरवीच्या पानाशेजारी त्याची आवडती म्हणून क्वार्टर ठेवली होती. सीलबंद, विदेशी. मनावर घ्यायला हवं होतं म्हणणाऱ्यांनीच.