काचेचा ऊर्ध्वपातन-स्तंभ: रिंगांच्या मधोमध द्रव का साचतो?

प्रश्न

मद्यार्क गाळण्याचा परवाना हाती आल्यानंतर मी बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेचा ऊर्ध्वपातन-स्तंभ उभा केला आहे. त्याची उंची ९० सेंटिमीटर आणि आतला व्यास ४० मिलिमीटर असून आत ६ मिलिमीटरच्या काचेच्या राशिग रिंगा, म्हणजे नळीचे आखूड पोकळ तुकडे, भरल्या आहेत. खाली १० लिटरचा फ्लास्क आणि १,५०० वॅटचे हीटिंग मँटल (फ्लास्कला वेढून तापवणारे विजेचे आवरण) आहे. वर वाफ थंड करून तिचा द्रव करणारा शीतक असून, त्यातून टपकणाऱ्या द्रवापैकी किती स्तंभात परत सोडायचा आणि किती बाहेर काढायचा, हे एका तोटीने ठरवता येते. नुसते पाणी घेऊन तासभर चाचणी केली तेव्हा सर्व काही सुरळीत चालले आणि एकही जोड गळला नाही. मात्र साधारण १० टक्के मद्यार्क असलेले आंबवण घालून पूर्ण उष्णता दिली, तेव्हा वीस मिनिटांतच रिंगांच्या मध्यावर बोटभर उंचीचा द्रव साचला, त्यातून बुडबुडे गदगदू लागले आणि अधूनमधून तो उसळून शीतकापर्यंत पोहोचू लागला. वरचे तापमान ७९ ते ८४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हेलकावे घेत होते आणि हाती आलेला मद्यार्क जेमतेम ८० टक्क्यांचा होता. रिंगा बदलाव्यात, की स्तंभाची उंची वाढवावी?

पहिला प्रतिसाद

दोन्हींची गरज नाही. आपल्या स्तंभाला पूर आला आहे. वर जाणाऱ्या वाफेचा वेग इतका वाढला आहे की खाली येणाऱ्या द्रवाला वाटच मिळत नाही. १,५०० वॅट उष्णतेने सेकंदाला सुमारे १.८ ग्रॅम, म्हणजे एक लिटरहून अधिक मद्यार्काची वाफ तयार होते. आपल्या स्तंभाचा छेद साडेबारा चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे रिंगांची अडचण जमेस न धरताही वाफ सेकंदाला ९० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने वर जाते. एवढ्या अरुंद स्तंभाला हे झेपत नाही. पाण्याच्या चाचणीत हे दिसले नाही याचे कारण असे की, तेवढ्याच उष्णतेने पाण्याची वाफ वजनाने निम्म्याहूनही कमी बनते, त्यामुळे खाली परतणारा द्रवही कमी असतो. पाण्याची चाचणी गळती दाखवते, स्तंभाची क्षमता दाखवत नाही.

उष्णता ६०० वॅटपर्यंत उतरवा आणि तोटी पूर्ण बंद ठेवून अर्धा तास सगळा द्रव स्तंभात परत जाऊ द्या. या वेळात नजर थर्मामीटरवर न ठेवता रिंगांवर ठेवा. प्रत्येक रिंग ओली चकाकत असावी, पण दोन रिंगांमधली जागा द्रवाने भरलेली नसावी. धातूच्या स्तंभात हे कधीच दिसत नाही, आणि काचेचा खर्च मला याच एका कारणासाठी सार्थ वाटतो. त्यानंतर चार भाग परत आणि एक भाग बाहेर, या प्रमाणात सुरुवात करावी. स्तंभ ओळंब्यात आहे ना, हेही तपासा. तो कलला की द्रव एकाच बाजूने ओघळतो आणि उरलेल्या रिंगा कोरड्या राहतात.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण सुरक्षिततेचे राहून गेले. माझा पहिला स्तंभ उष्णतेने नव्हे, तर तीन ठिकाणी घट्ट आवळलेल्या क्लॅम्पमुळे तडकला होता. बोरोसिलिकेट काच तापल्यावर फार थोडी प्रसरण पावते, परंतु खालचा फ्लास्क आणि स्टँड आपापल्या परीने हलतात आणि तो ताण नेमका जोडाच्या मानेवर येतो. एकच क्लॅम्प घट्ट ठेवा, बाकीचे नुसते आधारापुरते असू द्या. द्रव काढण्याची तोटी बंद असली तरी शीतकाच्या पुढची हवेत उघडणारी वाट कोणत्याही क्षणी बंद होता कामा नये, कारण बंद काचपात्रात दाब वाढणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. मद्यार्काची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून खोली हवेशीर ठेवा आणि जवळपास उघडी ज्योत नको. उसळी टाळण्यासाठी फ्लास्कमध्ये चिनीमातीचे तुकडे थंड असतानाच टाका. तापलेल्या द्रवात टाकल्यास तो एकदम उफाळून बाहेर येतो.

थर्मामीटरचा फुगा वाफेच्या वाटेत पूर्ण बुडालेला असावा. उंचावरच्या ठिकाणी उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून आधी उकळत्या पाण्यात त्याची नोंद पडताळून घ्या.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे ६०० वॅटवर पुन्हा चाचणी घेतली. स्तंभ ओळंब्याने तपासला असता वरच्या टोकाला जवळजवळ एक सेंटिमीटर कललेला निघाला; तो सरळ केला आणि दोन क्लॅम्प सैल केले. या वेळी द्रव कुठेही साचला नाही. अर्ध्या तासाने वरचे तापमान ७८.७ अंशांवर स्थिर झाले आणि पहिला भाग वेगळा काढून टाकल्यानंतरचा मद्यार्क २० अंशांना थंड करून मोजला तेव्हा ९१ टक्के भरला. शेवटाकडे, फ्लास्कमधला मद्यार्क संपत आल्यावर तापमान पुन्हा चढू लागले, तेव्हा तोटी आणखी आवळली; तरीही ते ८० अंशांच्या पुढे गेल्यावर मी संकलन थांबवले. पुढच्या वेळी उष्णता टिकावी म्हणून स्तंभाला काचलोकर गुंडाळणार आहे, मात्र मधला भाग पाहण्यासाठी दोन बोटांची फट मोकळी ठेवीन.